लोगो येतो, विंडोज येत नाही: रिपेअर, रिस्टोअर, रिसेट की सरळ फॉरमॅट?

बटण दाबलं की पंखा फिरतो, कंपनीचा लोगो येतो, खाली ठिपके गोल फिरत राहतात आणि गाडी तिथेच अडते. कधी निळा पडदा, कधी परत लोगो. असं दोन-तीनदा झालं की विंडोज स्वतःच रिकव्हरीचा मेनू उघडते आणि सगळे पर्याय एकाच तोलाचे असल्यासारखे शेजारी-शेजारी मांडते. प्रत्यक्षात एकात काहीच जात नाही, दुसऱ्यात प्रोग्राम जातात, तिसऱ्यात सगळंच. म्हणून ‘याने सुरू होईल का?’ याच्या आधी ‘यात माझं काय जाईल?’ हे विचारा.

लोगोच दिसत नसेल, तर मात्र यातलं काहीच कामाचं नाही. चार्जर काढा, पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरा, चार्जर परत लावून बघा. पंखा फिरतोय, कॅप्स लॉकचा दिवा लागतो-विझतो, पण स्क्रीन काळी आहे? बाहेरचा मॉनिटर जोडा. तिथे चित्र आलं तर दोष स्क्रीनचा किंवा तिच्या केबलचा. विंडोजला हात लावायची गरज नाही.

आणखी एक गोष्ट आधी उरकून घ्या: डिस्कची तपासणी. बहुतेक लॅपटॉपमध्ये ती सोय अंगचीच असते. एचपीत सुरू करतानाच एफ-2 दाबत राहायचं, डेलमध्ये एफ-12 दाबून डायग्नोस्टिक्स निवडायचं. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या सेटिंग्जच्या पडद्यावर) डिस्क दिसतच नसेल किंवा तपासणीत नापास झाली असेल, तर दुरुस्तीचे प्रयोग थांबवा. मरायला टेकलेल्या डिस्कवर प्रत्येक प्रयोग म्हणजे फाइल्स वाचवण्याची शक्यता थोडी आणखी कमी.

बिनधोक पर्याय

स्टार्टअप रिपेअर फक्त विंडोज सुरू करणाऱ्या फाइल्स आणि नोंदी तपासतं. तुमच्या फोटोंना, प्रोग्रामना धक्का लागत नाही, त्यामुळे सुरुवात इथून करायला हरकत नाही. पण त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. एकदा ‘दुरुस्त करता आलं नाही’ म्हणालं की तेच पाच वेळा चालवून वेळ घालवण्यात अर्थ नाही.

त्याच्या शेजारचं सिस्टम रिस्टोअर माझ्या मते जास्त गुणी आणि उगाच दुर्लक्षित. कालपर्यंत लॅपटॉप नीट चालत होता, नवा ड्रायव्हर (एखादा भाग विंडोजला चालवता यावा म्हणून लागणारं सॉफ्टवेअर) किंवा प्रोग्राम टाकला आणि बिनसलं, अशा वेळी हाच पर्याय. तो सिस्टम फाइल्स, ड्रायव्हर आणि सेटिंग्ज मागच्या तारखेला नेतो. त्यानंतर टाकलेले प्रोग्राम जातात, कागदपत्रं राहतात. अडचण एकच: रिस्टोअर पॉइंट, म्हणजे त्या मागच्या तारखेची जतन केलेली नोंद, आधीपासून असावा लागतो आणि कित्येक लॅपटॉपमध्ये ही सोय बंदच असते.

बिघाड अपडेटनंतरचा असेल, तर रिस्टोअरच्याही आधी ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ बघा. दर महिन्याचं अपडेट आणि मोठं फीचर अपडेट तिथे वेगवेगळं काढता येतं. मोठं अपडेट काढायची मुदत मात्र साधारण 10 दिवसांचीच.

सेफ मोड, म्हणजे अगदी गरजेपुरत्या ड्रायव्हरवर विंडोज उघडणं, ही दुरुस्ती नव्हे, पण निदान म्हणून उत्तम. तिथे विंडोज उघडली, तर गाभा शाबूत आहे आणि दोष बहुधा एखाद्या ड्रायव्हरचा किंवा अँटिव्हायरसचा आहे. जुलै 2024 मध्ये क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे 85 लाख विंडोज संगणक बंद पडले, तेव्हाही ज्यांचं आपोआप सुधारलं नाही, त्यांना सेफ मोडमध्ये किंवा रिकव्हरीत जाऊन एक फाइल हाताने पुसावी लागली. फॉरमॅटची गरज नव्हती.

त्याच वेळी अनेकांना बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या डिस्कला कुलूप लावणाऱ्या सोयीने, अडवलं होतं. डिस्क अशी एन्क्रिप्ट (कुलूपबंद) केलेली असेल तर रिकव्हरीत 48 अंकी चावी मागितली जाते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. मोबाइलवरून लॉगिन करून बघता येते. कंपनीचा लॅपटॉप असेल तर आयटी विभागाकडे विचारा. चावी मागितली आणि ती कुठेच सापडली नाही, तर उरतो फक्त सगळं पुसण्याचा रस्ता.

पुसण्याआधी फाइल्स बाहेर काढा

विंडोज सुरू होत नसताना फाइल्स कॉपी कशा करणार? रिकव्हरीत कमांड प्रॉम्प्ट उघडा, नोटपॅड असं इंग्रजीत टाइप करून एंटर दाबा. नोटपॅड उघडतं. फाइल मेनूतून ओपन घ्या, खाली ‘ऑल फाइल्स’ निवडा. ही ओपनची खिडकी म्हणजे छोटा फाइल एक्स्प्लोररच. यूजर्समधलं तुमचं फोल्डर शोधा, राइट क्लिक करून कॉपी, मग बाहेरच्या हार्ड डिस्कवर पेस्ट. ड्राइव्हची अक्षरं इथे बदललेली असू शकतात, सी चा डी झालेला दिसला तर घाबरू नका. कॉपी किती झाली हे दिसत नाही, खिडकी गोठल्यासारखी वाटते, थांबायचं. फाइल्स फार असतील तर दुसऱ्या संगणकावर उबुंटूची (विंडोजऐवजी चालणारी मोफत लिनक्स सिस्टम) पेन ड्राइव्ह बनवून त्यावरून लॅपटॉप चालू करणं जास्त सोयीचं.

रिसेट की फॉरमॅट?

खरी द्विधा इथे असते. रिसेटमध्ये ‘कीप माय फाइल्स’ वाचून लोक निर्धास्त होतात. फाइल्स राहतात, पण तुम्ही टाकलेले प्रोग्राम सगळे जातात. काय काय गेलं त्याची यादी तेवढी डेस्कटॉपवर मिळते. शिवाय रिसेट अर्ध्यावर अडकण्याचे प्रकार होतात, म्हणून नावावर विसंबून बॅकअप टाळू नका. पुढे ‘क्लाउड डाउनलोड’ की ‘लोकल’ असं विचारतात. लोकलमध्ये डिस्कवरच्याच फाइल्समधून विंडोज पुन्हा उभी राहते, आणि त्याच खराब असल्या तर केलेलं सगळं पाण्यात. सुमारे 4 जीबी डाउनलोड परवडत असेल तर क्लाउडच घ्या.

फॉरमॅट मारून नव्याने विंडोज टाकायला दुसरा संगणक आणि किमान 8 जीबीची पेन ड्राइव्ह लागते. लायसन्सची काळजी सहसा नको: त्या यंत्रावर विंडोज आधी अ‍ॅक्टिव्हेट असेल तर परवाना हार्डवेअरशी बांधलेला असतो, चावी विचारली की ‘नाही’ म्हणून पुढे जायचं, फक्त होम की प्रो हे आधीचंच निवडायचं. इंटेलच्या 11व्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये इथे डिस्कची यादीच रिकामी दिसते. डिस्क गेली असं समजू नका. इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून पेन ड्राइव्हवर घ्या आणि ‘लोड ड्रायव्हर’ने दाखवा. त्यासोबत वायफायचाही ड्रायव्हर घेऊन ठेवा, नाहीतर विंडोज आली पण इंटरनेट नाही अशी पंचाईत.

माझा कौल: व्हायरसचा संशय, नवी डिस्क किंवा फसलेलं रिसेट असेल तर फॉरमॅट. बाकी वेळी क्लाउडवाला रिसेट पुरतो.

विंडोज 10 असलेल्यांनी पुसायच्या आधी आणखी एक ठरवावं. तिचा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. टीपीएम 2.0 (लॅपटॉपमधली सुरक्षेची चिप) आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर असेल (इंटेल असल्यास ढोबळमानाने 8वी पिढी किंवा पुढची), तर तीच परत टाकण्याऐवजी 11 टाका. नसेल आणि काम ब्राउझरपुरतंच असेल, तर मघाची उबुंटूची पेन ड्राइव्ह आहेच. तिच्यावरून थेट इन्स्टॉलही करता येतं.