ऑटोक्लेव्ह की हॉट एअर ओव्हन?

सामान निर्जंतुक करायला दाबाखालची वाफ वापरणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसला १५ ते २० मिनिटं पुरतात; कोरड्या गरम हवेच्या ओव्हनला १६० अंशांवर तब्बल दोन तास लागतात. ओल्या उष्णतेने जंतूंची प्रथिनं झटकन गोठतात, कोरड्या हवेत काम सावकाश चालतं. कापडाला वाफच हवी. तेल आणि पावडर मात्र ओव्हनमध्येच. त्यांच्यात वाफ शिरत नाही.

ऑटोक्लेव्ह फसतो तो बहुधा अडकलेल्या हवेमुळे. दाबाचा काटा १५ पौंड (प्रति चौरस इंच) दाखवतो, पण आत हवा राहिली तर तापमान तिथवर पोचतच नाही. म्हणून झडपेतून वाफेची सलग धार येईपर्यंत ती बंद करू नका. कागदात गुंडाळलेल्या सामानाची पुडकी ओली निघाली तर निर्जंतुक समजूच नका: ओल्या कागदातून जंतू आत झिरपतात.

ओव्हनमध्ये काचसामान कोरडंच ठेवा. गार होण्याआधी दार उघडलंत तर काच तडकू शकते.