डेस्कटॉपवर पोस्टग्रेस की मायएसक्यूएल? मराठी मजकूर ठेवणाऱ्यांसाठी तुलनात्मक आढावा

घरच्या किंवा कार्यालयातल्या संगणकावर रिलेशनल डेटाबेस सर्व्हर (माहिती एकमेकांशी जोडलेल्या तक्त्यांत ठेवून इतर प्रोग्रॅमना पुरवणारा प्रोग्रॅम) बसवून त्यात सभासदांची यादी, ग्रंथालयाची नोंदवही असा मराठी मजकूर ठेवायचा असेल, तर विनामूल्य पर्यायांपैकी पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल या दोघांचा विचार प्रामुख्याने करावा लागतो. एकाच व्यक्तीने एकाच प्रोग्रॅममधून वापरायचा लहानसा डेटा असेल, तर मात्र सर्व्हर बसवूच नये. एसक्यूलाइट या सर्व्हरविना चालणाऱ्या डेटाबेसची एक फाइल पुरेशी आहे.

विंडोजवर बसवण्याच्या श्रमात दोघांत फारसा फरक नाही. पोस्टग्रेसचा इन्स्टॉलर डेटाचे फोल्डर, मुख्य वापरकर्त्याचा पासवर्ड, पोर्ट (सर्व्हरशी जोडणी करण्याचा क्रमांक, ५४३२) आणि लोकेल (भाषा-प्रदेशाचे सेटिंग) विचारतो, आणि पीजीअ‍ॅडमिन हे डेटाबेस हाताळण्याचे साधन सोबतच देतो. मायएसक्यूएलचा कॉन्फिगरेटर पोर्ट (३३०६) आणि रूटचा (मुख्य वापरकर्त्याचा) पासवर्ड यांखेरीज संगणक कोणत्या प्रकारचा आहे हे विचारतो. डेस्कटॉपसाठी तेथे ‘डेव्हलपमेंट’ हाच प्रकार निवडावा, कारण सर्व्हर किती मेमरी घेणार हे त्यावर ठरते. त्याच पानावर फायरवॉलमधील पोर्ट उघडण्याची खूण असेल, तर दुसऱ्या संगणकावरून जोडणी हवी नसल्यास ती काढून टाकावी. पोस्टग्रेस मूळ सेटिंगमध्ये फक्त त्याच संगणकावरील जोडण्या स्वीकारतो, ही त्याची जमेची बाजू आहे.

उबुंटूवर नवशिके हमखास अडतात, कारण तेथे पासवर्ड विचारलाच जात नाही. दोन्ही सर्व्हर मुख्य वापरकर्त्याला लिनक्समधील त्याच्या ओळखीवरून आत घेतात, म्हणून आधी सुडो (प्रशासकाच्या अधिकाराने आज्ञा चालवण्याची लिनक्सची सोय) वापरून आत जावे आणि आपल्या प्रोग्रॅमसाठी वेगळा वापरकर्ता तयार करावा. पुढची परवानग्यांची व्यवस्था मायएसक्यूएलमध्ये समजायला सोपी आहे, कारण वापरकर्ता आणि तो कोठून येणार हे एकाच आज्ञेत लिहिता येते. पोस्टग्रेसमध्ये त्यासाठी पीजी-एचबीए नावाची वेगळी फाइल असते आणि तिच्यातील जुळणारी पहिलीच ओळ लागू होते. हे न कळल्यास खाली लिहिलेली योग्य ओळही निरुपयोगी ठरते.

मराठीच्या दृष्टीने खरा फरक वर्णक्रमात आहे. मजकूर साठवण्याचा प्रश्न आता उरलेला नाही: मायएसक्यूएलने ८.० या आवृत्तीपासून यूटीएफ८एमबी४ ही सर्व लिप्या सामावणारी अक्षरसंकेत-पद्धत मूळ सेटिंग केली. त्याआधी लॅटिन१ ही फक्त रोमन लिपीची पद्धत असल्यामुळे देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे दिसत, म्हणून जुन्या लेखांतील आज्ञा जशाच्या तशा उतरवू नयेत. परंतु युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच नंतर येतो, आपल्या वर्णमालेत मात्र ‘ह’नंतर. पोस्टग्रेसमध्ये आयसीयू या युनिकोड हाताळणाऱ्या लायब्ररीच्या आधारे मराठी लोकेलचे कोलेशन (वर्णक्रमाचा नियम) तयार करून एखाद्या स्तंभाला लावता येते, त्यामुळे नावांची यादी आपल्या क्रमाने मिळवण्याचा मार्ग सर्व्हरमध्येच उपलब्ध होतो. सूची किंवा कोश करणाऱ्याला याहून मोठे कारण लागू नये.

विंडोजवर काम करून नंतर लिनक्सच्या सर्व्हरवर न्यायचे असेल, तर मायएसक्यूएलमध्ये टेबलांची नावे पहिल्यापासून लहान रोमन अक्षरांतच ठेवावीत. रोमन अक्षरांचा लहान-मोठा भेद तेथे विंडोजवर दुर्लक्षिला जातो आणि लिनक्सवर पाळला जातो. पोस्टग्रेस अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेली नावे सगळीकडे सारखीच वाचतो.

वर्डप्रेस चालवायचे असेल, किंवा ज्या होस्टिंगवर काम जाणार तेथे मायएसक्यूएलच असेल, तर डेस्कटॉपवरही तोच बसवावा. इतर सर्व नव्या कामांसाठी माझी शिफारस पोस्टग्रेसची आहे. त्याची एक अडचण मात्र मान्य केली पाहिजे. मुख्य आवृत्ती बदलताना मायएसक्यूएल अलीकडे जुना डेटा स्वतःच सुधारून घेतो. पोस्टग्रेसमध्ये पीजी-अपग्रेड हे साधन चालवावे लागते किंवा पीजी-डंप या साधनाने काढलेली डेटाची प्रत (डंप) नव्या सर्व्हरमध्ये भरावी लागते, आणि पोस्टग्रेसची मुख्य आवृत्ती तर साधारण दर वर्षी येते. प्रत्येक आवृत्तीला ५ वर्षे दुरुस्त्या मिळत असल्यामुळे दर वर्षी बदलण्याची गरज नाही, पण डंप काढून तो दुसऱ्या डेटाबेसमध्ये भरून पाहण्याचा सराव पहिल्याच आठवड्यात करून ठेवावा.