गेटवरचा नंबर आणि घरातलं वायफाय : फोंड्यातल्या एका घरपोच सेवेबद्दल

आधी गुण सांगून टाकते. एकतीस वर्षं शाळेत काढली, सवय जात नाही. पाचपैकी चार. एक गुण का कापला ते पुढे येईलच.

सेवा अशी : वरच्या बाजारात कॉम्प्युटर दुरुस्तीचं एक छोटं दुकान आहे, तिथला मुलगा घरी येऊन वायफाय तपासतो आणि त्याचा नीट बंदोबस्त करून देतो. भेटीचे ५०० रुपये, सामान लागलं तर वेगळं. दुकानाचं नाव छापू नका असं मालकानेच बजावलंय, माणसं दोनच आणि फोन थांबत नाहीत. फोंड्यातल्या कुणाला हवं असेल तर विचारा, तोंडी सांगेन.

आमचं घर फर्मागुडीच्या उतारावर. खाली आम्ही दोघं, माडीवर दोन खोल्यांत इंजिनिअरिंग कॉलेजची चार मुलं. इंटरनेट तीन वर्षांपूर्वी घेतलं. जोडून देणाऱ्या माणसाने नेटवर्कला आमचं आडनाव दिलं आणि पासवर्ड म्हणून यजमानांचा मोबाइल नंबर टाकला. "लक्षात राहतो," म्हणाला. आम्हालाही ते सोयीचंच वाटलं. खोटं कशाला बोलू?

गेल्या पावसाळ्यात कुरबुरी सुरू झाल्या. महिन्याचा कोटा पंधरा तारखेलाच संपायचा. पुण्याहून मुलगा व्हिडिओ कॉल करायचा तर त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहायचं, आवाज मागून यायचा. आणि मग एका रात्री साडेअकराला प्रिंटर आपोआप सुरू झाला. आम्ही दचकून बाहेर आलो तर ट्रेमध्ये तीन कागद : 'प्रयोग क्र. ४', खाली सर्किटची आकृती, निरीक्षणांचा तक्ता. मी कागद घेऊन तशीच माडीवर गेले. मुलांनी डोळे चोळत बघितलं आणि म्हणाली, "टीचर, हे इलेक्ट्रॉनिक्सचं आहे. आम्ही चौघं मेकॅनिकलचे."

म्हणजे कुणीतरी परका मुलगा आमच्या प्रिंटरवर आमच्या कागदांवर आपली जर्नल छापत होता. बहुतेक त्यालाही कळलं नसावं की कागद कुठे निघाले.

दुकानात फोन केला. उद्या येतो म्हणालेला मुलगा चौथ्या दिवशी आला (अर्धा गुण इथेच गेला). धो धो पाऊस. मी दार उघडून वाट बघतेय आणि हा गेटबाहेर छत्रीत उभा, आत यायचं नाव नाही. मान वर करून आमचा बोर्ड वाचतोय. बोर्ड म्हणजे लाल ऑइलपेंटने लिहिलेला : 'खोली भाड्याने मिळेल. फक्त विद्यार्थी.' खाली यजमानांचा नंबर, हातभर मोठ्या आकड्यांत. दोन मिनिटं मोबाइलवर बोटं चालवली आणि तिथूनच ओरडला, "मावशे, वायफायचो पासवर्ड हो बोर्डार आसा तोच न्हय मू?"

तो जोडला गेला होता. पाटीवरचं आडनाव आणि नेटवर्कचं नाव एकच, त्यामुळे घर कुठलं ते शोधावं लागलं नाही. पासवर्ड आम्हीच रंगवून गेटला टांगलेला. ते वाक्य ऐकल्यावर पाचशे रुपये वसूल झाले असं मी तिथेच मनात म्हटलं. यजमान बोर्ड काढायला स्टूल शोधू लागले, तर म्हणतो, "बोर्ड काडचो न्हय, पासवर्ड बदलचो."

आत येऊन त्याने राउटरचं, म्हणजे वायफाय देणाऱ्या डब्याचं, सेटिंगचं पान उघडलं. तिथे जाण्यासाठी लागणारं नाव 'अ‍ॅडमिन', पासवर्डही 'अ‍ॅडमिन', कारखान्यातून आला तसाच. जोडलेल्या यंत्रांची यादी निघाली : १९. आम्ही मोजायला बसलो. आमचे दोन फोन, एक टॅब, प्रिंटर, गेटवरचा कॅमेरा, मुलांचे चार फोन आणि चार लॅपटॉप. झाले तेरा. उरलेले सहा कोण? त्यातला एक चक्क टीव्ही होता, नावावरूनच कळत होतं. आमचा टीव्ही अजून पाठीला पोक असलेला, त्याला वायफाय माहीतही नाही. यजमानांनी खिडकीतून समोरच्या माडीकडे बघितलं. तिथे नोकरीवाली तीन मुलं राहतात.

आता इथे आमच्या घरात वाद झाला, तो लिहिते, कारण खरा प्रश्न तोच होता. यजमानांचं म्हणणं, घेतलं तर घेतलं. मे महिन्यात वाड्यातल्या सगळ्यांचे नळ कोरडे पडतात तेव्हा आपल्या विहिरीवर कळश्यांची रांग लागते, आपण कुणाला नाही म्हणत नाही. कोटा वाढवून घेऊ, चार पैसे जास्त जातील. हा मुद्दा मला खोडता येईना. मी स्वतः त्या विहिरीचं पाणी लोकांना काढून देत आलेय.

पण तो मुलगा वायरी गुंडाळता गुंडाळता एक गोष्ट बोलला. तुमच्या घरातून कुणीही काहीही केलं तरी बाहेरच्या जगाला एकच पत्ता दिसतो, तुमच्या कनेक्शनचा. त्या पत्त्यावरून विचारपूस झाली तर कंपनीकडे नाव यजमानांचं, आधार यजमानांचं. आणि मला एकदम २००८ आठवलं. २६ जुलैला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले, त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला होता. पोलिसांनी माग काढला तो नवी मुंबईतल्या एका अमेरिकन माणसाच्या फ्लॅटवर. मेल त्याने पाठवलाच नव्हता, त्याचं वायफाय दुसऱ्याच कुणीतरी वापरलं होतं. माझा भाऊ तेव्हा वाशीला होता, कित्येक दिवस तिकडे तोच विषय. विहिरीतून नेलेल्या कळशीवर आपलं नाव लिहिलेलं नसतं. यजमान गप्प झाले. मग म्हणाले, "चहा टाक त्याला."

चहा पिता पिता त्याने सांगितलेलं थोडं इथे देते, कारण दुरुस्तीला येणारी माणसं सहसा काहीच सांगत नाहीत.

मी म्हटलं, बोर्ड नसता तर नंबर कुणाला कळला असता? तो म्हणाला, कळायची गरजच नाही. आपल्याकडचा मोबाइल नंबर दहा आकडी आणि सुरुवात ६, ७, ८ किंवा ९ ने. म्हणजे एकूण शक्यता चारशे कोटी. ऐकायला प्रचंड, पण फोन वायफायला जोडला जाताना होणारी देवाणघेवाण एकदा टिपून घेतली की पुढचं अंदाज लावण्याचं काम घरी बसून होतं, आणि गेम खेळायच्या कॉम्प्युटरातलं चांगलं ग्राफिक्स कार्ड ते काही तासांत उरकतं. तसा कॉम्प्युटर आमच्याच माडीवर एकाकडे आहे. (मुलगा चांगला आहे, भाडं वेळेवर देतो. पण कळलं ते बरं झालं.)

दुसरं ते राउटरवरचं डब्ल्यूपीएसचं बटण. ते दाबलं की पासवर्ड न टाकता यंत्र जोडतं. त्याच्याबरोबर एक आठ आकडी पिनही असतो. आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता, मग भीती कसली? त्याने बिलाच्या मागे लिहून दाखवलं आणि मी चकितच झाले. शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो, म्हणून खरे आकडे सातच. शिवाय राउटर पहिले चार वेगळे तपासतो आणि चुकले तर तिथेच सांगतो. म्हणजे आधी १०,००० प्रयत्न, मग उरलेल्या तिघांचे १,०००. गुणाकार नाही, बेरीज! फार तर ११,०००. हे २०११ साली उघडकीला आलं. सातवीच्या वर्गाला शक्यता शिकवताना हे उदाहरण हाताशी असतं तर मागच्या बाकावरची पोरंही जागी राहिली असती. बटण सेटिंगमधून बंद केलं.

राउटर बदलायलाच हवा असं तो म्हणाला नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवते. डब्ल्यूपीए-२ (वायफायला कुलूप लावायची एक पद्धत) आणि लांब पासवर्ड असेल तर जुनाही चालतो. पण आमच्या डब्यात पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क करायची सोय नव्हती आणि सॉफ्टवेअर कधी अद्ययावत झालंच नव्हतं. २०१७ मध्ये डब्ल्यूपीए-२ मध्येच एक खोट सापडली होती, तिची दुरुस्ती अपडेटमधून आली. आमच्याकडे ती पोहोचलीच नाही. म्हणून नवा घेतला, २,४०० रुपयांचा. कंपनी कुठली याला महत्त्व नाही, खोक्यावर डब्ल्यूपीए-३ (त्याच कुलपाची पुढची आवृत्ती) लिहिलंय का आणि अपडेट मिळतात का तेवढं बघा.

माझ्या भाच्याने फोनवर दोन युक्त्या सुचवल्या होत्या : नेटवर्कचं नाव लपव, आणि ठरावीक यंत्रांचे मॅक पत्ते (प्रत्येक यंत्राचा ओळख क्रमांक) सोडून बाकीच्यांना बंदी कर. दुकानातल्या मुलाने दोन्हीला नकारार्थी मान हलवली. लपवलेलं नावही हुडकता येतं आणि मॅक पत्त्याची नक्कल करता येते. वर हल्लीचे फोन आपला पत्ता स्वतःच बदलत असतात, म्हणजे घरचीच माणसं बाहेर राहायची. बँकेच्या बाबतीत मात्र त्याने माझी भीती कमी केली. बँकेचं अ‍ॅप स्वतःच कुलूप लावून बोलतं, वायफायवर बसलेल्याला तुम्ही बँकेत गेलात एवढं कळेल, काय लिहिलंत ते नाही. त्याला जास्त काळजी गेटवरच्या कॅमेऱ्याची. त्याचाही पासवर्ड कारखान्याचाच होता. २०१६ मध्ये असेच कॅमेरे नि राउटर हजारोंनी ताब्यात घेऊन मोठमोठ्या वेबसाइट पाडल्या होत्या, त्यांच्या मालकांना पत्ताही नव्हता.

नवा पासवर्ड मी सुचवला : कुलदेवतेचं नाव आणि पुढे १२३. तो हसला. "मावशे, फोंड्यांत अर्दे पासवर्ड मंगेशी, अर्दे शांतादुर्गा." मग चार शब्द जोडले, एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले. त्यातला एक स्वयंपाकघरातला आहे, इतकंच सांगते. आठ अक्षरांपासून त्रेसष्टपर्यंत चालतं, माझा एकतीसचा.

आता उरलेला अर्धा गुण. सगळं झाल्यावर त्याने मोबाइल काढून पासवर्ड लिहिलेल्या कागदाचा फोटो घेतला. "रेकॉर्डाक." मी म्हटलं, बाबा, आत्ताच तू मला तासभर काय शिकवलंस? किल्ली करून देणारा एक किल्ली आपल्या खिशात ठेवतो का? तो ओशाळला आणि माझ्यासमोर फोटो पुसला. वाईट हेतू नव्हता, दुकानाची पद्धत म्हणे. पण ही पद्धत मोडायला हवी. तुम्ही बोलावलंत तर तो गेल्यावर पासवर्ड स्वतः एकदा बदला.

सिग्नलचं थोडं रडगाणं आहे. चिऱ्याच्या जाड भिंती, त्यामुळे वायफायचा पाच गिगाहर्ट्झचा पट्टा सोप्यात वाऱ्यासारखा पळतो आणि स्वयंपाकघरात मरतो. तिथे दोन पूर्णांक चारच कामाचा. ही त्याची चूक नाही, आजेसासऱ्यांची.

खरी परीक्षा चवथीला झाली. पाच दिवसांचा गणपती, माटोळी (गणपतीवरची फळापानांची सजावट) बांधायच्या दिवसापासून घर भरलेलं, एका वेळी बावीस माणसं. पूर्वी प्रत्येक भाच्याला नंबर सांगायचे. या वेळी पाहुण्यांच्या नेटवर्कचा पासवर्ड खडूने पाटीवर लिहून दाराशी टेकवला. सगळी जोडली गेली, प्रिंटर नि कॅमेरा कुणाला दिसला नाही, विसर्जनानंतर मी स्वतः तो बदलला. माडीवरच्या मुलांनाही तेच नेटवर्क दिलंय. अर्थात तिथून केलेलंही आमच्याच नावावर जातं, वेगळ्या नेटवर्कने ते टळत नाही. म्हणून मुलांशी तसं स्पष्ट बोलले आणि नवी मुलं आली की पासवर्ड नवा.

कोटा आता महिनाअखेरपर्यंत पुरतो. मुलाचं तोंड आणि आवाज एकत्र येतात.

एक सांगायचं राहिलं. बदल केल्याच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी समोरच्या माडीवरचा एक मुलगा आला. चपला दाराशी काढून, अगदी अदबीने. "टीचर, तुमचं नेट बंद पडलंय का? आमच्याकडे दोन दिवस येत नाही."

चालू आहे म्हटलं. तो जरा वेळ माझ्याकडे बघत राहिला, मग त्याची कानशिलं लाल झाली. मी त्याला आत बसवलं, नेवऱ्या दिल्या आणि वरच्या बाजारातल्या त्या मुलाचा नंबर लिहून दिला.