केळीबागेच्या ठिबक नियंत्रकासाठी रस्ट: ‘एसटीडी’ की ‘नो-एसटीडी’?
रावेर-यावल पट्ट्यातील केळीबागेचे ठिबकचे व्हॉल्व्ह उघडणारे फर्मवेअर (उपकरणातच बसवलेला प्रोग्रॅम) ईएसपी३२-सी३ या वायफाय असलेल्या चिपवर रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहायचे असेल, तर भाषेची स्टँडर्ड लायब्ररी म्हणजे तयार कोडचा संच (‘एसटीडी’) घ्यावी की तिच्याविना (‘नो-एसटीडी’) लिहावे, हे आधी ठरवावे लागते.

‘एसटीडी’ घेतल्यास ती चिप बनवणाऱ्या कंपनीच्या ईएसपी-आयडीएफ या सॉफ्टवेअर चौकटीवर उभी राहते. कोडमधील थ्रेड (समांतर चालणारी कामे) खाली फ्रीआरटीओएस या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमचे टास्क बनतात, टीसीपी ही नेटवर्क जोडणी एलडब्ल्यूआयपी लायब्ररी सांभाळते आणि संगणकावर तपासलेला बराचसा कोड फारसा न बदलता चिपवर चालतो. मात्र प्रत्येक थ्रेडला स्वतंत्र स्टॅक (राखीव मेमरी) लागतो, आणि चिपच्या ४०० केबी एसरॅम या कामाच्या मेमरीतून वायफायचा वाटा वजा केल्यावर हा हिशेब लवकरच जाचू लागतो.

‘नो-एसटीडी’मध्ये ‘कोअर’ ही भाषेची मूलभूत लायब्ररी उरते, मेमरी वाटून देणारा अॅलोकेटर पुरवल्यास ‘अलॉक’ ही बदलत्या आकाराचा डेटा हाताळणारी लायब्ररीही मिळते, पण फाइल, थ्रेड, सॉकेट (नेटवर्क जोडणीचे टोक) यांची सोय स्वतंत्रपणे करावी लागते.

शेतीपंपाची वीज पाळीने येते. म्हणून पुरवठा परतताच कोणता व्हॉल्व्ह किती वेळ चालला होता, हे नियंत्रकाला आठवलेच पाहिजे. ही नोंद फ्लॅशमध्ये ठेवण्याची आणि ती मोबाइलवर सुरक्षितपणे पाठवण्याची तयार साधने ईएसपी-आयडीएफसोबत येत असल्यामुळे अशा नियंत्रकासाठी मी निःसंकोचपणे ‘एसटीडी’ निवडेन. बॅटरीवर चालणाऱ्या, केवळ ओलावा मोजणाऱ्या लहान सेन्सरसाठी मात्र ‘नो-एसटीडी’च योग्य आहे.