नागपूर ते सॅन फ्रान्सिस्को : अंतर खरे, वेळ फसवी

दोन विमानतळांमधील अंतर आणि प्रवासाचा वेळ सांगणारे एक संकेतस्थळ मी गेल्या हिवाळ्यात, आईला धाकट्या बहिणीकडे सॅन फ्रान्सिस्कोला नेताना वापरले. दोन्ही शहरांची नावे टाकताच उत्तर आले : अंतर सुमारे १३,१०० किलोमीटर, वेळ १५ तास ४५ मिनिटे.

अंतराबद्दल माझी काहीच तक्रार नाही. ते पृथ्वीच्या गोलाईवरून मोजलेले आहे, आणि त्यामुळेच नकाशावरची रेघ पश्चिमेकडे न वळता चीन व सायबेरियावरून उत्तरेला चढत जाते. ती रेघ निरखून पाहिल्यावर मी आमच्या वाटेतल्या थांब्याचे, म्हणजे कतारमधील दोहाचे, अंतरही तपासले आणि थक्क झालो. नागपूरहून सुमारे २,८४० किलोमीटर उडून दोहाला उतरले, तरी तिथून सॅन फ्रान्सिस्को जवळपास १३,००० किलोमीटर उरतेच. म्हणजे चार तासांहून अधिक उडूनही आपण मुक्कामाच्या फारसे जवळ गेलेलो नसतो. दिल्लीमार्गे मात्र ८५५ आणि १२,३८० किलोमीटर असे दोन टप्पे होतात आणि सरळ रेघेपेक्षा जेमतेम सव्वाशे किलोमीटर जास्त पडतात. ही बेरीज मला कागदावर करावी लागली, कारण मधला थांबा टाकण्याची सोय त्या संकेतस्थळावर नाही.

वेळेचा आकडा मात्र अंतराला ठरावीक वेगाने भागून काढलेला आहे. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून सॅन फ्रान्सिस्कोला थेट विमानच नाही, हे तिथे कुठेही लिहिलेले नाही. वाऱ्याचाही हिशेब नाही. २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को हे विमान अटलांटिकऐवजी प्रशांत महासागरावरून नेले, तेव्हा मार्ग लांबून सुमारे १५,३०० किलोमीटर झाला, तरीही पाठीमागून वाहणाऱ्या वाऱ्यामुळे ते साडेचौदा तासांत पोहोचले.

आम्हाला दोहामार्गेच तिकिटे मिळाली होती. पंधरा-सोळा तासांच्या आकड्यावर विसंबून मी आईच्या रक्तदाबाच्या दोन वेळच्या गोळ्या तिच्या पर्समध्ये ठेवल्या आणि उरलेल्या मोठ्या बॅगेत टाकल्या. घराला कुलूप लावल्यापासून बहिणीच्या दारात पोहोचेपर्यंत २९ तास लागले. शेवटच्या टप्प्यात रिकामी डबी हातात घेऊन आई मला पुन्हा पुन्हा विचारत होती, "आता घड्याळ कुठलं धरायचं रे?" हिवाळ्यात तिथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे असते, उन्हाळ्यात साडेबारा; हा फरकही त्या संकेतस्थळावर दिसत नाही.

अंतरासाठी मी ते पुन्हा वापरीन. वेळ मात्र विमान कंपनीच्या वेळापत्रकातूनच घ्यावी आणि सोबत वृद्ध माणूस असेल तर तीत थांब्याचे व विमानतळाच्या रांगांचे तास मिळवावेत. परतीच्या प्रवासात आईच्या पर्समध्ये सहा वेळच्या गोळ्या होत्या आणि प्रत्येक पुडीवर भारतीय वेळ लिहिलेली होती.