एक-चौदाचा ऑनलाइन उतारा : आधी कुळाचा रकाना वाचा

गोव्याच्या भूअभिलेख खात्याच्या संकेतस्थळावर एक-चौदाचा उतारा (फॉर्म १ आणि १४, म्हणजे जमिनीच्या हक्कांचा आणि पिकांचा कागद) घरबसल्या पाहता येतो. तालुका, गाव, सर्व्हे नंबर आणि सबडिव्हिजन भरले की पान उघडते. तुकडे न पडलेल्या सर्व्हेला सबडिव्हिजनच्या जागी शून्य असते. खरेदीखतावर ‘४५/०’ दिसले तर ते शून्य चुकून पडलेले नाही. जमिनीची पहिली चौकशी म्हणून सेवा चांगली आहे, पाचपैकी साडेतीन गुण खुशाल द्यावेत. उरलेला दीड गुण संकेतस्थळापेक्षा उतारा चुकीचा वाचला जातो म्हणून कापायचा.

बहुतेकजण वरचे कब्जेदाराचे नाव पाहून समाधान मानतात. खरी गोम त्याच्या खालच्या, कुळाच्या रकान्यात असते. त्या रकान्याला वजन आले ते विलीनीकरणवाद्यांच्या राजकारणामुळे. १९६३ साली मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्ष गोवा महाराष्ट्रात विलीन करण्याची मागणी घेऊन निवडणुकीत उतरला. सिंहाला, म्हणजे मगोच्या निशाणीला, मिळालेल्या मतांत कुळांचा आणि मुंडकारांचा (भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांचा) वाटा मोठा होता, आणि त्यांना भाषेइतकीच भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, दाबातून सुटकाही हवी होती. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात फुलाला (विलीनीकरण) १,३८,१७० आणि दोन पानांना (वेगळा गोवा) १,७२,१९१ मते पडली. विलीनीकरण ३४,०२१ मतांनी हरले, पण काही महिन्यांतच भाऊसाहेब बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. हे गणित पणजीच्या वर्तुळात बसून सुटणारे नव्हते, ते शेतात मांडलेले होते. भाऊसाहेब स्वतः खाणमालक, तरी १९६४ चा कूळ कायदा त्यांच्याच कारकिर्दीतला. पुढे शशिकला काकोडकर यांच्या काळात १९७५ चा मुंडकार कायदा आणि १९७६ ची पाचवी दुरुस्ती आली. त्या दुरुस्तीने २० एप्रिल १९७६ या दिवशी कूळ आपण कसत असलेल्या जमिनीचे ‘मानीव खरेदीदार’ ठरले.

घोळ होतो तो या ‘मानीव’ शब्दात. कायद्याने खरेदी झाली म्हणून कागद आपोआप बदलत नाही. मामलेदाराने किंमत ठरवायची, कुळाने ती भरायची, खरेदीचा दाखला घ्यायचा आणि मग त्यावर म्युटेशन (फेरफार) करून घ्यायचे. साखळी मध्येच तुटली की कब्जेदाराच्या रकान्यात भाटकाराचे नाव तसेच राहते आणि कूळ खालच्या रकान्यात अडकून बसते. अशा जमिनीचा सौदा फक्त भाटकाराशी करणारा माणूस स्वतःहून खटला विकत घेतो. उलटही घडते. कुळाचा रकाना कोरा आहे म्हणून कूळ नाहीच, असे धरून चालू नये. कूळ कायद्याच्या कलम ७ खाली कूळ असल्याचा निवाडा मागता येतो. २०१४ च्या दुरुस्तीने हे दावे दिवाणी न्यायालयांकडे गेले होते, नंतर ते मामलेदारांकडे परतले. म्हणून चौकशी दोन्हीकडे करावी.

कुळाने रीतसर विकत घेतलेली जमीन असली तरी सावध राहावे. ती विकायला परवानगी लागते, आणि १९९१ च्या भूवापर कायद्यामुळे अशा जमिनीचा शेतीखेरीज वापर करता येत नाही. ‘प्लॉट पाडू’ म्हणणाऱ्या दलालाला हा प्रश्न पहिल्या भेटीतच विचारावा.

क्षेत्रफळाच्या ओळीत जिरायत, बागायत, भात, खाजन, केर, मोरड असे वेगळे कप्पे आहेत. खाजनाच्या (खाडीकाठच्या, बांध घालून राखलेल्या जमिनीच्या) कप्प्यात आकडा असेल तर मानशी (पाणी आत-बाहेर सोडण्याचे दार) आणि बांध कोण राखतो ते गावात विचारावे. बांध फुटला की खारे पाणी आत शिरते आणि जमीन पिकाच्या कामाची राहत नाही. पोटखराबा, म्हणजे लागवडीला अयोग्य भाग, वेगळा दाखवतात. तो वजा न करता दर लावू नये. पिकांच्या तक्त्यात ‘कसणारा’ म्हणून एखादे नाव असेल आणि ते कब्जेदार-कूळ दोघांत नसेल, तर तो धागा सोडू नका.

‘इतर हक्क’ हा रकानाही लोक गाळतात. कोणाच्या तरी घराची नोंद तिथेच सापडते, आणि ती पुष्कळदा मुंडकाराची असते. मुंडकाराला घराभोवतीच्या जागेसह घर विकत घेण्याचा हक्क आहे. पंचायत क्षेत्रात ३०० चौरस मीटर आणि शहरी भागात २०० ही आकडेवारी लक्षात ठेवावी. मात्र नुसती घराची नोंद म्हणजे मुंडकारी सिद्ध झाली असे नव्हे, मामलेदाराकडची मुंडकारांची नोंदवही वेगळी असते.

ऑनलाइन पानावर नावे रोमन लिपीत येतात, त्यामुळे गावकर-गांवकार, नाईक-नायक असे घोळ होतात. नावापेक्षा म्युटेशन क्रमांकावर भर द्यावा आणि त्या क्रमांकाची नोंद तालुक्यात काढून पाहावी. धारबांदोडा हा तालुका नंतर झाला, म्हणून तिथल्या बऱ्याच गावांच्या जुन्या निवाड्यांवर सांगे तालुका असतो, तो कागद परका समजून बाजूला टाकू नये.

पडद्यावरची प्रत माहितीपुरती असते. बँक, कोर्ट किंवा खरेदीखतासाठी शुल्क भरून प्रमाणित प्रत घ्यावी लागते. शिवाय उताऱ्यातली नोंद खोटी ठरेपर्यंत खरी मानतात इतकेच, ती मालकीचा पुरावा नाही. त्यासाठी इन्व्हेंटरी (वारसांतल्या वाटणीचे कोर्टातले कागद), विलेख (खरेदीखतासारखे दस्त) आणि पोर्तुगीज काळच्या नोंदणीपर्यंत जावे लागते. प्रत मागताना सोबत सर्व्हे प्लानही मागून घ्या, उताऱ्यात जमिनीच्या सीमा दिसत नाहीत.