पहिलं कुणाला ऐकायचं? स्टेजवरची पेडल स्टील: बरिटोज, पोको की न्यू रायडर्स

माझा मामेभाऊ हवाईयन गिटार वाजवतो. व्हॅन शिप्ली, हजारा सिंग यांच्या फिल्मी धुनांवर त्याचा कान तयार झालाय. परवा म्हणाला, "ते कंट्री रॉकवाले पेडल स्टील वाजवतात ना, ती ऐकायचीय. पण स्टुडिओतली नको, स्टेजवरची. आणि दहा नावं सांगू नकोस, एकच सांग."

एकच सांगायचं तर आधी त्याला हे सांगावं लागलं, की हे वाद्य त्याच्या गिटारचं चुलत भावंड असलं तरी स्वभावाने वेगळं आहे. हवाईयन गिटारमध्ये हातातली धातूची पट्टी तारांवर सरकवली की तिच्याखालच्या सगळ्या तारा एकत्र चढतात किंवा उतरतात. पेडल स्टीलमध्ये पायाखालची पेडल्स आणि गुडघ्याजवळचे लिव्हर नेमक्या तारा ताणतात, बाकीच्या जागच्या जागी राहतात. अमेरिकेतल्या गावरान 'कंट्री' संगीताची राजधानी नॅशव्हिल, तिथे रुळलेल्या 'इ-नाइन' ट्यूनिंगवर पट्टी न हलवता पहिली दोन पेडल्स एकत्र दाबली, की सा-ग-प चं सा-म-ध होतं. सा हलत नाही. ग आणि प मात्र त्याच्या शेजारून मींड घेत वर जातात. हुंदक्यासारखा वाटणारा तो आवाज तिथून येतो. आपल्याकडच्या मींडेत सूर एकटा प्रवास करतो. इथे एक जण थांबतो आणि दोघे निघतात.

आता हे नाजूक प्रकरण १९६८-६९ च्या रॉक बँडमध्ये आणून ठेवा. मागे ड्रम्स, बाजूला कर्कश अँप्लिफायर. वादक खुर्चीत बसलेला, दोन्ही हात, दोन्ही पाय आणि गुडघे कामात, उजवं पाऊल कायम व्हॉल्यूम पेडलवर. त्याला उठून पुढे येता येत नाही. नॅशव्हिलची शिस्त अशी, की गायकाची ओळ संपली की दोन सुरांत जागा भरायची आणि पुन्हा मागे सरायचं. बर्ड्‌ज हा रॉक बँड १५ मार्च १९६८ ला 'ग्रँड ओल ऑप्री' या नॅशव्हिलच्या कंट्री कार्यक्रमाच्या मंचावर गेला तेव्हा स्टीलवर लॉइड ग्रीन होता, याच शिस्तीत मुरलेला. लांब केसांची ही पोरं तिथल्या श्रोत्यांना काही रुचली नाहीत. रॉकच्या हॉलमध्ये मात्र ही शिस्त पाळली तर स्टील ऐकूच येत नाही. म्हणून बरिटोज, पोको आणि न्यू रायडर्स या तिन्ही बँडच्या वादकांनी आपापली वाट काढली, आणि निवड करायची ती या वाटांमध्ये.

फ्लाइंग बरिटो ब्रदर्सचा स्नीकी पीट क्लाइनो हा यातला सगळ्यात विक्षिप्त. पेशाने अ‍ॅनिमेशनवाला, मातीच्या बाहुल्या फ्रेमगणिक हलवणारा. 'गंबी' या मातीच्या बाहुल्याच्या टीव्ही मालिकेवर काम केलेला. बँडने भरतकाम केलेले भपकेदार सूट शिवून घेतले तेव्हा बँडचा गायक ग्रॅम पार्सन्स याने आपल्या सुटावर गांजाची पानं काढून घेतली आणि पीटने टेरोडॅक्टिल, डायनासोरच्या काळातला तो उडता प्राणी. वाजवायचा फेंडर ४००. आठ तारा, केबलने ओढली जाणारी पेडल्स, ट्यूनिंगही इ-नाइनपेक्षा निराळं. नॅशव्हिलच्या मुरलेल्या वादकाने त्या वाद्याकडे बघून नाक मुरडलं असतं. पीटने त्यात फझ घातला, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका केला. या सुरुवातीच्या बँडमध्ये सोलो गिटारचं बरंचसं काम त्याच्याच अंगावर होतं. त्यामुळे ओळींमधल्या जागा भरून तो थांबत नाही, गायकाच्या अंगावर धावून येतो.

यासाठी ऐकायची ती एप्रिल १९६९ मधली सॅन फ्रान्सिस्कोच्या अ‍ॅव्हलॉन बॉलरूममधली ध्वनिमुद्रणं. बरिटोज ग्रेटफुल डेड या रॉक बँडच्या आधी वाजवत होते आणि डेडच्या ध्वनिव्यवस्थेचा माणूस औस्ली स्टॅन्ली याने ते टेप केलं. बाहेर आलं थेट २००७ साली. यात खोड अशी, की बँड ढिला आहे. लय घसरते, दोन गायकांचे सूर अधूनमधून एकमेकांना टाळतात. 'द गिल्डेड पॅलेस ऑफ सिन' या त्यांच्या पहिल्या स्टुडिओ अल्बमची सफाई इथे शोधू नका. पण एखाद्या संथ, रडव्या गाण्यात मागून तो फाटका सूर उठतो तेव्हा माझ्या तरी अंगावर काटा येतो. पहिल्यांदा ऐकताना मला वाटलं होतं, हेडफोनची वायर गेली.

पोकोच्या रस्टी यंगचं अगदी उलट. हा मुलगा कोलोरॅडोत वाढला, लहानपणापासून स्टीलवर बसलेला, हात स्वच्छ. बफेलो स्प्रिंगफील्ड या रॉक बँडच्या 'काइंड वुमन' या गाण्यात वाजवायला लॉस एंजेलिसला आला आणि त्या बँडच्या अवशेषांतून १९६८ मध्ये पोको उभा राहिला तेव्हा त्यातच राहिला. गोंगाटावर त्याने काढलेला तोडगा म्हणजे लेस्ली, हॅमंड ऑर्गनसाठी असतो तो फिरता स्पीकर. स्टील त्यातून सोडली की हुबेहूब ऑर्गन. मी पोको ऐकायला लागलो तेव्हा अल्बमच्या पाठीवर ऑर्गनवाल्याचं नाव शोधत बसलो होतो, ही माझी फजिती. १९७० च्या 'पोको' अल्बममध्ये अठरा मिनिटांचा एक तुकडा आहे, त्यात हा खेळ यथेच्छ चालतो. जरा जास्तच, खरं तर.

स्टेजवरचा पोको मिळतो तो 'डिलिव्हरिन' मध्ये. सप्टेंबर १९७० मध्ये बॉस्टन आणि न्यूयॉर्कला मुद्रित झाला, जानेवारी १९७१ मध्ये आला. बँडच्या संस्थापकांपैकी जिम मेसिना अजून बँडमध्ये होता आणि सगळे एका दमात वाजवतात. 'काइंड वुमन' इथेही आहे. आधी स्टुडिओतलं ऐका, मग हे. तेच गाणं, तोच वादक, पण समोर श्रोते आहेत आणि आता हा पाहुणा नाही, घरचा आहे. 'ग्रँड जंक्शन' ही त्याचीच छोटी वाद्यरचना, बोटांची चपळाई बघायची तर तीच. खोट काढायची तर एवढीच, की सगळं फार आनंदी आहे. स्टीलकडून दुःख हवं असेल तर थोडं उपाशी राहाल.

न्यू रायडर्स ऑफ द पर्पल सेज ही तिसरी वाट, आणि सगळ्यात कमी आटापिट्याची. डेडचा जेरी गार्सिया इलेक्ट्रिक गिटारवर दादा माणूस, पण पेडल स्टीलवर १९६९ मध्ये नवशिका. सरावाला निमित्त हवं म्हणून गायक-गीतकार जॉन डॉसनच्या गाण्यांमागे बसू लागला आणि त्यातून हा बँड झाला. १९७० मध्ये न्यू रायडर्स डेडच्या कार्यक्रमांत आधी वाजवायचे, म्हणजे गार्सिया आधी बसून स्टील वाजवायचा आणि नंतर उभा राहून गिटार. त्याला पेडल्सच्या करामती फारशा येत नाहीत, म्हणून तो कमी सूर घेतो आणि जे घेतो ते गाण्यासारखे लांब घेतो. फेब्रुवारी १९७१ ची पोर्ट चेस्टरची मैफल 'व्हिंटेज एनआरपीएस' (बँडच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं) या नावाने निघाली आहे. काही सूर जागेवर बसत नाहीत, ते कानाला कळतंही. त्याच वर्षी त्याने खुर्ची बडी केजला दिली. केज कसलेला वादक. १९७४ चा 'होम, होम ऑन द रोड' ऐकलात की फरक लगेच कळेल, आणि गंमत म्हणजे त्याचा निर्माता गार्सियाच.

बरिटोजमध्ये पीटनंतर आलेला अल पर्किन्स 'लास्ट ऑफ द रेड हॉट बरिटोज' मध्ये आहे. तो बरिटोज जास्त घट्ट आहे, पण वेडेपणा गेलेला. ग्रॅम पार्सन्स आणि गायिका एमीलू हॅरिस यांचं १९७३ चं रेडिओ मुद्रण मात्र गायनासाठी ऐकावं. त्यात नील फ्लान्झची स्टील शहाण्यासारखी मागे राहते.

मी भावाला 'डिलिव्हरिन' सांगितला. कारण साधं आहे: त्याचा कान स्वच्छ सुरांना सरावलेला, मुद्रण चांगलं, आणि वाद्य काय काय करू शकतं ते एका बैठकीत कळतं. स्वतः वाजवत नसाल, नुसती संध्याकाळची सोबत हवी असेल तर न्यू रायडर्स. रॉकवर पोसलेला कान असेल आणि कंट्री म्हटलं की जांभई येत असेल तर सरळ बरिटोज, तेही आवाज वाढवून. फोनच्या स्पीकरवर यातलं काहीच लावू नका. मंद सुटणारा सूर तिथे मरतो आणि उरतो तो नुसता टणत्कार.

आठवड्याने तो घरी आला. तीनही ऐकून झाले होते. पोकोबद्दल पाच मिनिटं मनापासून चांगलं बोलला, कुठे कुठलं पेडल पडलं असेल त्याचे अंदाजही बांधले. मग चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "ते सगळं ठीक आहे रे. पण तो डायनासोरवाला परत लाव."